पाटीवर तिचं नाव लिहा : संग्रहालयांना आणि लिलावगृहांना खुलं पत्र

प्रति,
फॅशन छायाचित्रांचे संग्रह सांभाळणारी संग्रहालयं, ती छायाचित्रं विकणारी लिलावगृहं आणि त्यांचे हक्क ज्यांच्या हाती आहेत त्या संस्था, यांच्या सर्व विश्वस्तांस व व्यवस्थापकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन मी न्यू यॉर्कमधल्या एका संग्रहालयात गेले होते. १९५०च्या दशकातल्या फॅशन छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. एका फोटोपुढे आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. काळा लोकरी सूट, कोपरापर्यंत हातमोजे, मान किंचित वळवलेली आणि सगळा भार एका पायावर. ती उभी राहण्याची तऱ्हा मी बघत राहिले, कारण तसं उभं राहिल्यावर कमरेत कुठे कळ येते ते मला माहीत आहे. नातीने विचारलं, "आजी, ह्या कोण?"

मी पाटी वाचली. छायाचित्रकाराचं नाव होतं, त्याच्या जन्ममृत्यूची सालं होती. सूट शिवणाऱ्या पेढीचं नाव होतं. कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकात छापला ते होतं. सिल्व्हर जिलेटिन प्रिंट, लांबी, रुंदी. फोटो देणगी म्हणून देणाऱ्या नवराबायकोचं नाव. बाईचं नाव नव्हतं.

चौकशीच्या टेबलावरच्या मुलाला विचारलं. त्याने मनापासून शोधलं, पण त्यालाही सापडलं नाही. घरी येऊन संग्रहालयाला ईमेल लिहिली. आठवड्याने उत्तर आलं, सौजन्यपूर्ण होतं. संग्रहाच्या नोंदीत कलाकार, शीर्षक, माध्यम, आकार, साल आणि देणगीदार एवढेच रकाने असतात. मॉडेलसाठी रकाना नाही.

त्या उत्तरावर गप्प बसणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र. एका संग्रहालयाला लिहिण्यात अर्थ नाही. पाट्यांची ही रीत मी मुंबईतही पाहिली आहे आणि इथेही. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या बायकांबरोबर मी दिव्यांपुढे उभी राहिले त्या मराठी वाचतात आणि हे त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी भाषांतर तुम्हाला वेगळं पाठवलं आहे.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. १९७४ ते १९७९ अशी पाच वर्षं मी साड्यांच्या जाहिरातींसाठी उभी राहिले. फोर्टातल्या एका स्टुडिओत सकाळी आठला हजर व्हायचं. पंखा लावायचा नाही, कारण पदर हलतो. निऱ्या पाठीमागून टाचण्यांनी आवळलेल्या, ब्लाउज चिमट्यांनी ओढून घट्ट केलेला, आणि मोठ्या दिव्यांच्या धगीत चेहरा मात्र नुकतं न्हाऊन आल्यासारखा ठेवायचा. केस आपणच घालायचे, पावडर आपणच लावायची, बांगड्या घरून न्यायच्या. एक साडी म्हणजे तासभर, दिवसाला सात-आठ साड्या. शेवटी रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून शंभर रुपये मिळत. त्यातल्या एका फोटोचं कॅलेंडर निघालं आणि सांगलीला मावशीच्या स्वयंपाकघरात वर्षभर टांगलेलं होतं. पंचवीसेक वर्षांनी तोच चेहरा दुकानाच्या पिशव्यांवर छापलेला मला दिसला. मी फोन केला. पलीकडून सांगण्यात आलं की तुम्ही पावतीवर सही केली होती, फोटोचे सगळे हक्क आमचे. खरं होतं ते. पावतीवर माझं नाव होतं. कॅलेंडरवर नव्हतं, पिशवीवर नव्हतं, आणि पुढे जुन्या जाहिरातींच्या एका प्रदर्शनात तो फोटो लागला तेव्हा त्या पाटीवरही नव्हतं.

मुलीबरोबर जॅक्सन हाइट्सला राहायला आले तेव्हा मला कळलं की १९५०च्या दशकातली नावाजलेली मॉडेल डोव्हिमा ह्याच वस्तीत वाढली. आज इथे चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत, डोक्यावरून सात नंबरची गाडी खडखडत जाते आणि उन्हाळ्यात फुटपाथवर आंब्याच्या पेट्या लागतात. १९३०च्या दशकात ह्याच भागात एका पोलिसाची मुलगी दहाव्या वर्षी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळली. डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा. जन्म १९२७चा. सात वर्षं तिची शाळा घरातच झाली. एकटेपणात तिने एक मैत्रीण कल्पिली आणि आपल्या तिन्ही नावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं : डोव्हिमा. १९४९ साली मॅनहॅटनमध्ये 'व्होग' ह्या फॅशन मासिकाच्या एका संपादिकेची नजर तिच्यावर पडली आणि लगोलग ती छायाचित्रकार अर्विंग पेनच्या कॅमेऱ्यापुढे उभी होती. लहानपणी समोरचा दात तुटला होता, म्हणून ती ओठ मिटून हसली. तेच हसू तिची ओळख झालं. नाव विचारल्यावर तिने त्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. एकाच नावाने ओळखली जाणारी पहिली मॉडेल ती, असं म्हणतात.

मॉडेलना कामं मिळवून देणाऱ्या फोर्ड एजन्सीत ती आघाडीची मॉडेल होती. नावाजलेल्या मॉडेलना तासाला २५ डॉलर मिळत त्या काळात ती ६० डॉलर घेते अशी तिची ख्याती होती, म्हणजे मिनिटाला एक डॉलर. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण त्या मिनिटात काय काय असायचं तेही सांगायला हवं. तेव्हा मेकअप करायला वेगळं माणूस नसे. मॉडेल आपली हॅटची गोल पेटी घेऊन यायची आणि त्यात बूट, हातमोजे, खोटे दागिने, आतले आवळपट्टे, रंगरंगोटीचं सामान असं सगळं तिचं स्वतःचं असायचं. पॅरिसच्या नव्या कपड्यांचे फोटो पुष्कळदा रात्री काढत, कारण दिवसा तेच कपडे खरेदीदारांना दाखवायचे असत. हिवाळ्याचे कोट ऑगस्टच्या उकाड्यात अंगावर चढवावे लागत.

असाच तो ऑगस्ट १९५५. पॅरिसची सिर्क दिव्हेर ही सर्कशीची जुनी इमारत, वर काचेचं मोठं छत, त्यातून उतरणारा दिवसाचा उजेड. पायात साखळ्या असलेले हत्ती, मध्ये डिओर ह्या पॅरिसच्या पेढीचा काळ्या मखमलीचा झगा घालून डोव्हिमा, कमरेला पांढऱ्या साटिनचा लांब पट्टा. झग्याचं रेखाटन तरुण इव्ह साँ लोराँचं. फोटो रिचर्ड अ‍ॅव्हेडनचा. एक हात सोंडेवर ठेवलेला, दुसरा उचललेला, शरीराची एकच लांब रेषा. त्या पट्ट्याचं टोक डावीकडे उडालं असतं तर रेषा पुरी झाली असती, ही खंत अ‍ॅव्हेडनने पुढे बोलून दाखवली होती. मी तो फोटो पाहते तेव्हा पट्ट्याकडे माझं लक्षही जात नाही. मला दिसतात अस्वस्थ जनावरांच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईचे खांदे, आणि त्या खांद्यांवर भीतीची रेघसुद्धा नाही. ते कसब कुणाचं?

या फोटोच्या शीर्षकात तिचं नाव आहे, हे मी मान्य करते. 'डोव्हिमा हत्तींसह.' पण हा अपवाद आहे आणि अपवादावरच माझं पत्र उभं आहे. नाव देता येतं हे त्यावरून सिद्ध होतं. देऊनही काय होतं, तेही त्याच फोटोवरून कळतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली पाटीबद्दल. लिझा फोन्साग्रिव्ह्स ही स्वीडनमध्ये जन्मलेली नर्तकी. १९३९ साली छायाचित्रकार एरविन ब्लूमेनफेल्डसाठी ती आयफेल टॉवरच्या कठड्याबाहेर झग्याचा घेर वाऱ्यावर सोडून लोंबकळली. नाचात अंगात मुरलेला तोल तिच्याकडे होता म्हणूनच तो फोटो होऊ शकला. 'मी फक्त कपडे टांगायचा चांगला हँगर आहे', असं ती स्वतःबद्दल म्हणायची. तिच्या विनयाचा तुम्ही शब्दशः अर्थ घेतलात आणि हँगरचं नाव कोण लिहितं, असं ठरवून टाकलंत. नाटकाच्या फोटोखाली नटाचं नाव येतं, नाचाच्या फोटोखाली नर्तकीचं येतं. स्थिर उभं राहून तेच काम करणारी बाई निनावी राहते.

दुसरी तक्रार तुम्ही ज्या गोष्टी सांगता त्यांबद्दल, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. डोव्हिमाबद्दल तुमच्या पुस्तिकांत आणि व्याख्यानांत दोन किस्से हमखास असतात. एक इजिप्तचा. अ‍ॅव्हेडनबरोबर ती तिकडे गेली तेव्हा तिच्या जड पेटीत कॉमिक्स भरलेली होती, आणि 'आफ्रिका कशी वाटली' असं विचारल्यावर ती म्हणाली की हा तर इजिप्त. आफ्रिका आहे हे माहीत असतं तर दुप्पट पैसे मागितले असते. लोक हसतात. दहाव्या वर्षापासून सात वर्षं जिची शाळा सुटली, जिला अंथरुणावर कॉमिक्सचीच सोबत होती, तिने ती सोबत पेटीत भरून नेली तर त्यात हसण्यासारखं काय आहे? आणि आपल्या कामाचा भाव ठाऊक असलेल्या बाईने भाव बोलून दाखवला, तर त्यात मूर्खपणा कुठे आहे? १९५७ साली एका हॉलिवूडपटात तिला छोटी भूमिका मिळाली, तीही असल्याच बावळट मॉडेलची.

दुसरा किस्सा शेवटचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मॉडेलिंग सोडलं, टीव्हीवर थोडी कामं केली, मग फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला गेली आणि १९८०च्या दशकात तिथल्या एका पिझ्झाच्या दुकानात गिऱ्हाइकांना टेबल दाखवायचं काम केलं. १९९० साली कर्करोगाने गेली. ही तिची अधोगती म्हणून सांगितली जाते, हत्तींपासून पिझ्झापर्यंत. पिझ्झाच्या दुकानात उभं राहून पोट भरणं ही अधोगती नाही. मीही इथे आल्यावर सहा वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसले आहे. शरम वाटायची असेल तर ती दुसऱ्याच गोष्टीची वाटावी. तो फोटो जगभर छापला जात होता, विकला जात होता, आणि त्यातला एक डॉलरही तिला देणं कुणावर बंधनकारक नव्हतं.

तिसरी तक्रार पैशाचीच. नोव्हेंबर २०१० मध्ये पॅरिसला ख्रिस्टीजच्या लिलावात ह्या फोटोची १९७८ साली केलेली, दोन मीटरहून उंच प्रत ८ लाख ४१ हजार युरोंना गेली. डिओरच्या पेढीनेच ती घेतली. व्यवहार चोख होता, त्यात मी खोट काढत नाही. पण हिशेब मांडून पाहा. कपड्याला मोल आलं, चौकटीला आलं, सहीला आलं. बाईच्या वाट्याला १९५५ ची मजुरी. फ्रान्सने १९२० साली कायदा केला की चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, कारण चित्रं लाखांना जायची आणि चित्रकारांच्या घरी चूल पेटायची पंचाईत असायची. त्याच फ्रान्सने १९६९ साली मॉडेलला कायद्याने नोकरदार मानलं. म्हणजे तिचे श्रम हे श्रम आहेत हे एका देशाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ मान्य आहे. पुनर्विक्रीच्या वाट्यापर्यंत मात्र ते अजून पोचलेलं नाही.

चौथी संमतीची. न्यू यॉर्क राज्याला हा प्रश्न नवा नाही. अ‍ॅबिगेल रॉबर्सन नावाच्या मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला, २५ हजार प्रती. ती कोर्टात गेली आणि १९०२ साली हरली. असा काही हक्क कायद्यात नाही, असं न्यायाधीशांनी बहुमताने सांगितलं. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला : जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र जाहिरातीला वा व्यापाराला वापरायचं तर लेखी संमती हवी. २०२१ पासून मृत्यूनंतरही ४० वर्षं वारसांना हक्क मिळाला, पण त्या तारखेनंतर गेलेल्यांच्या वारसांना. २०२५ च्या जूनपासून नवा कायदा आला : एजन्सीला २० टक्क्यांवर दलाली घेता येत नाही, मॉडेलची संगणकी प्रतिकृती करायची तर स्वतंत्र लेखी संमती लागते. आजच्या मुलींसाठी हे झालं याचा मला फार आनंद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या उभ्या होत्या त्या मात्र दर वेळी तारखेच्या अलीकडे राहतात. त्यांचे चेहरे तुमच्या दुकानांत पोस्टकार्डांवर, पिशव्यांवर, चहाच्या मगांवर आहेत. कायदा तुम्हाला अडवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी कोर्टात न जाता तुमच्याकडे आले आहे.

पाचवी, आणि ही थोडक्यात सांगते कारण ती सांगायचा पहिला हक्क माझा नाही. ज्या बायकांना दारातच अडवलं गेलं त्यांची नावं तर दुहेरी पुसली गेली. डोरोथिया टाउल्स ही कृष्णवर्णीय मॉडेल पॅरिसमध्ये मोठ्या पेढ्यांसाठी चालली, कारण अमेरिकेत तिला तसं काम नव्हतं. शांघायमध्ये जन्मलेली चायना माचाडो १९५९ च्या फेब्रुवारीत 'हार्पर्स बझार' ह्या फॅशन मासिकात आली ती अ‍ॅव्हेडनने हट्ट धरला म्हणून. अशा किती जणी तुमच्या खोक्यांत 'अनोळखी मॉडेल' म्हणून पडून आहेत, ते तुम्हीच शोधू शकता.

कुणी म्हणेल की छायाचित्र छायाचित्रकाराचं असतं. असतंच. अ‍ॅव्हेडनची नजर नसती तर ती सर्कस एक तबेला राहिली असती. मी त्याच्या नावातलं एक अक्षरही कमी करा म्हणत नाही. पेढीचं नाव गाळा असंही म्हणत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये डिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपले कपडे दाखवले, तेव्हा मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेतल्या भरतकामाचं नाव जगभर घेतलं गेलं. मला ते वाचून भरून आलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या सुईचं नाव कुणी घेत नव्हतं त्यांचं नाव घेतल्याने डिओरचं नाव लहान झालं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नोंदीत मॉडेलचा रकाना वाढवा. नाव ठाऊक असेल तर छायाचित्रकाराच्या नावाखाली, तेवढ्याच टाइपात लिहा. ठाऊक नसेल तर 'मॉडेल : नाव शोधत आहोत' असं लिहा आणि खरोखर शोधा. नावं हरवलेली नाहीत. एजन्सींची व्हाउचरं असतात, मासिकांच्या हिशेबवह्या असतात, कॉन्टॅक्ट शीटच्या, म्हणजे एका रोलमधले सगळे फोटो लहान आकारात छापलेल्या कागदाच्या, मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं. आणि त्या पिढीतल्या काही बायका अजून हयात आहेत, त्यांना फोटो दाखवून विचारा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

लिलावगृहांनी अशा प्रत्येक विक्रीतून, कायद्याची वाट न पाहता, ठरावीक हिस्सा वेगळा काढावा. मॉडेल हयात असेल तर तिला, नसेल तर तिच्या वारसांना, आणि कुणीच सापडलं नाही तर म्हाताऱ्या, आजारी मॉडेलच्या औषधपाण्यासाठी. किती टक्के ते बसून ठरवू. शून्य नको, एवढंच.

संग्रहालयाच्या दुकानात ज्या वस्तूवर बाईचा चेहरा आहे त्या वस्तूवर तिचं नाव छापा, आणि तिला किंवा तिच्या घरच्यांना आधी विचारा.

व्याख्यानांतून आणि पुस्तिकांतून तिचं काम सांगा : ती कुठे शिकली, काय घेऊन आली, किती तास उभी राहिली, किती पैसे मिळाले. इजिप्तचा किस्सा सांगायचाच असेल तर सात वर्षांच्या अंथरुणाची गोष्टही सांगा.

आणि हे पत्र मुंबईतल्या, पुण्यातल्या, दिल्लीतल्या संस्थांनाही आहे. आमच्या गिरण्यांच्या, साबणांच्या, विमानांच्या जुन्या जाहिराती आता तुम्ही चौकटीत घालून लावता. त्यांतल्या बायका दादरला, पार्ल्याला, ठाण्याला तुमच्या शेजारीच राहत असतील.

ज्या संग्रहालयाने मला उत्तर पाठवलं त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी निदान उत्तर दिलं. त्यांना एवढीच विनंती आहे. तो काळा लोकरी सूट, तो हातमोजा, ती वळवलेली मान. त्या फोटोच्या कॉन्टॅक्ट शीटची मागची बाजू एकदा पाहा आणि मला कळवा. नातीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

आपली,
एक माजी मॉडेल
जॅक्सन हाइट्स, क्वीन्स (मूळची गिरगाव, मुंबई)